संन्याशाचं व्यक्तिचित्र वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मी बरीच वर्षं व्यक्तिचित्रणाचे वर्ग घेतो. रविवारच्या वर्गात आम्ही ब्रश हातात घेत नाही. एक चित्र समोर ठेवतो आणि तासभर तेच बघतो. यंदा संन्याशांची व्यक्तिचित्रं घेतली: काही युरोपातल्या मठवासीयांची, काही जपानी झेन भिक्षूंची, काही आपल्याकडच्या मठांतली. वर्गातल्या मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि अधूनमधून येऊन बसणाऱ्या मंडळींनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, त्याची उत्तरं इथं आहेत.

एवढे विषय असताना संन्यासीच का?

कारण त्याच्याकडं काहीच नसतं. आपल्या गावातली जुनी दरबारी व्यक्तिचित्रं आठवा. फेटा, मिशी, गळ्यातला कंठा, हाताखालची खुर्ची, मागचा पडदा. माणूस कोण आणि किती मोठा, हे चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच कळतं. संन्याशानं हे सगळं सोडलेलं असतं. चित्रकाराच्या हाती उरतो एक चेहरा, दोन हात आणि कापडाचा एक तुकडा. दिगंबर मुनींचं चित्र असेल तर कापडही नाही. एवढ्या भांडवलावर माणूस उभा करायचा म्हणजे चित्रकाराची खरी परीक्षा, आणि बघणाऱ्याचीही.

भाव आणि स्वभाव एकच की वेगळे?

वेगळे, आणि बहुतेक घोटाळा इथंच होतो. भाव म्हणजे त्या घटकेला मनात जे चाललंय ते. स्वभाव म्हणजे तीस-चाळीस वर्षांत चेहऱ्यावर मुरलेलं. भाव स्नायूंत असतो, स्वभाव कातडीत. एखाद्याच्या दोन भुवयांमध्ये उभी खोल रेघ आहे, पण कपाळ आत्ता सैल आहे. म्हणजे हा माणूस आयुष्यभर बारकाईनं बघत किंवा चिडत आला, पण या घटकेला शांत बसलाय. रेघ आणि सैलपणा या दोन्हींची नोंद घेतलीत तर वाचन पुरं होतं. एकच घेतलीत तर तुम्ही म्हणणार ‘रागीट’, शेजारचा म्हणणार ‘शांत’, आणि दोघं अर्धेच बरोबर.

करून बघायचं असेल तर पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. आधी तोंड झाका, फक्त डोळे बघून एक शब्द लिहा. मग डोळे झाका, फक्त ओठ आणि हनुवटी बघून एक शब्द लिहा. मग चेहरा नाकावरून उभा अर्धा झाका आणि दोन्ही अर्धांसाठी एकेक शब्द लिहा. चार शब्द सारखे आले तर चित्रकारानं चेहऱ्याचा मुखवटा केलाय असं खुशाल समजा. माणसाचा चेहरा चारही ठिकाणी एकच गोष्ट सांगत नाही.

संन्याशांची चित्रं इतकी उदास का असतात?

बहुतेक वेळा ती उदास नसतात. आपल्याला तसं वाटतं. याचं उत्तर मला एका बैराग्याकडून मिळालं.

मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. पंचगंगेच्या घाटावर एक म्हातारा बैरागी चार दिवस मुक्कामाला होता. मी परवानगी मागितली, त्यानं मान हलवली आणि दीपमाळेला पाठ टेकून बसला. दोन तासांत तैलरंगात डोकं केलं. साम्य चांगलं जमलं होतं. घाटावर जमलेल्यांपैकी एक जण म्हणालासुद्धा, ‘‘हुबेहूब की रं!’’ मी खूश होऊन कॅनव्हास बैराग्यापुढं धरला. तो बराच वेळ बघत राहिला. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, ‘‘हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय. मी कुणाची वाट बघत नाही, बेटा.’’

घरी येऊन मी ते चित्र भिंतीला लावून ठेवलं आणि चूक शोधत बसलो. सापडली तेव्हा ती तांदळाच्या दाण्याएवढी होती. भुवयांची नाकाकडची टोकं मी किंचित वर उचलली होती. त्याची तशी नव्हती. संन्यासी म्हणजे दुःखी, असं माझ्या डोक्यात आधीच बसलेलं होतं, ते हातातून उतरलं. शिवाय खालच्या पापणीच्या कडेला एक ओला ठिपका दिला होता, तोही माझाच.

तेव्हापासून मी दुःख आणि विरक्ती अशी वेगळी करतो. दुःखात भुवयांची आतली टोकं वर जातात, कपाळाच्या मध्यावर आडव्या सुरकुत्या पडतात, ओठांचे कोपरे खाली ओढले जातात. चेहऱ्याला काम पडतं. विरक्तीत काम थांबलेलं असतं. पापणी स्वतःच्या वजनानं उतरते, कपाळ मोकळं राहतं, ओठ नुसते मिटतात, आवळत नाहीत. वय झालेल्या माणसाचे गाल तसेही खाली आलेले असतात, ते दुःखाच्या खात्यात धरू नका. ते वयाचं खातं आहे.

वेशावरून काय काय कळतं?

पंथ कळतो, माणूस कळत नाही. पण पंथ नीट कळला नाही तर माणसाबद्दल भलतंच बोलून बसायची भीती असते, म्हणून वेश आधी वाचावा. आपल्या भागातलंच घ्या. शुक्रवार पेठेतल्या जैन मठाच्या परंपरेतले भट्टारक, म्हणजे मठाचे प्रमुख, भगव्या वस्त्रात असतात, दिगंबर मुनी वस्त्र घेतच नाहीत, आणि मोरपिसांची पिच्छी दोघांच्याही हातात दिसू शकते. कणेरीच्या मठातले स्वामी भगव्यात, बौद्ध भिक्खू चीवरात. बाहेरून आलेला माणूस या सगळ्यांना ‘साधू’ म्हणून मोकळा होईल. मुनींच्या डोक्यावरचे अगदी बारीक, असमान केस बघून त्याला वाटेल, चित्रकारानं केस नीट रंगवले नाहीत. केशलोच म्हणजे हातानं केस उपटायचं व्रत ज्याला माहीत आहे, त्याला त्याच असमान केसांत त्या माणसाचं सोसणं दिसेल.

युरोपातलं उदाहरण याहून मजेशीर आहे. पेट्रुस क्रिस्टुस या चित्रकारानं १४४६ मध्ये कार्थुसियन या ख्रिस्ती पंथातल्या एका मठवासीयाचं चित्र काढलं. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चित्र वहीच्या पानाएवढं, सुमारे २९ सेंटिमीटर उंच. पांढरा झगा, मागं तांबूस उजेड, आणि मिशी काढून राखलेली दाढी. कार्थुसियन पंथात दीक्षित मठवासी दाढी करत, आणि मठातली अंगमेहनतीची कामं बघणारे धर्मबंधू दाढी राखत. म्हणजे हा बहुधा त्या दुसऱ्या वर्गातला. हे कळलं की नजर बदलते. हा पोथीत बुडालेला विद्वान नाही, हात चालवणारा माणूस आहे, आणि तो आपल्याकडं थेट, थोडा तिरका बघतोय.

त्याच चित्रातल्या माशीचा अर्थ काय?

खालच्या कडेला, रंगवलेल्या चौकटीवर, चित्रकाराच्या सहीच्या वर एक माशी बसलेली आहे. कुणी म्हणतं देह नाशवंत आहे याची खूण, कुणी म्हणतं चित्रकारानं दाखवलेलं कसब. मला दोन्ही पटतात. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते माशीनं त्या माणसाचं काय केलं ते. माशी चौकटीवर, म्हणजे आपल्या बाजूला बसलीय, तिला हाकलायला आपला हात उठतो, आणि तो माणूस मात्र हलत नाही. त्याची स्थिरता त्या माशीमुळं जाणवते. चित्रातली वस्तू ‘कशाचं प्रतीक’ एवढंच विचारून थांबू नका. ती तिथं नसती तर चेहरा कसा दिसला असता, हेही विचारा.

याच चित्रात डोक्यामागं बरीच वर्षं एक सोनेरी प्रभावळ होती. तज्ज्ञांनी तपासल्यावर ती मागाहून कुणीतरी घातलेली निघाली आणि १९९० च्या दशकात ती काढली. प्रभावळ होती तोवर लोक त्याच्या नजरेत संतपण बघत होते. ती गेली, आणि तीच नजर एका सावध, जागरूक माणसाची झाली. चेहऱ्यावर एक रेघही बदललेली नव्हती.

डोळेच दिसत नसतील तर?

तर बाकीचं जास्त नीट बघा. स्पॅनिश चित्रकार झुर्बारान याचं १६३० च्या दशकातलं संत फ्रान्सिस यांचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गुडघ्यावर बसलेला माणूस, हातात कवटी, डोईवर ओढलेली झग्याची टोपी. टोपीच्या सावलीत डोळे पार बुडालेत. उजेड पडलाय तो नाकाच्या शेंड्यावर आणि किंचित उघड्या ओठांवर. तेवढ्या उघड्या ओठांमधून श्वास ऐकू येतो. आणि बाही कोपरावर फाटलेली, ठिगळ लावलेली. त्या ठिगळावर चित्रकारानं चेहऱ्यापेक्षा जास्त उजेड खर्च केलाय. मनाची अवस्था कोपराच्या कापडावरून कळू शकते, हे मी या चित्रात शिकलो.

आपल्याकडं विद्यार्थी ‘भाव’ म्हटलं की लगेच डोळ्यांवर धावतात. माझी विनंती आहे की पहिली दहा मिनिटं डोळ्यांकडं बघूच नका. मान कुठं झुकलीय, खांदे सारखे आहेत की एक खाली, पाठ ताठ आहे की सोडलेली, हे बघा. आपण रंकाळ्यावर फिरायला गेलेल्या ओळखीच्या माणसाला लांबून, पाठमोऱ्या चालीवरून ओळखतोच की.

हातांबद्दल सर नेहमी एवढं का बोलतात?

कारण पोज देताना चेहरा सांभाळला जातो, हात विसरले जातात. एल ग्रेको यानं साधारण १६०९ मध्ये काढलेलं फ्राय ओर्तेन्सियो पाराविसिनो यांचं चित्र बघा. मूळ चित्र बॉस्टनच्या कला संग्रहालयात आहे, छापील प्रती सहज मिळतात. हे त्रिनितारी या ख्रिस्ती पंथाचे मठवासी, गाजलेले प्रवचनकार आणि कवी, वय तिशीच्या आत. पांढऱ्या झग्यावर काळी खोळ, चेहरा फिकट, नजर एकदम जागी. एक हात खुर्चीच्या हातावर सैल सोडलेला. दुसऱ्या हातात पुस्तकं, आणि एका पुस्तकात बोट अडकवलेलं. ते बोट सांगतं की वाचन मोडून हा माणूस आपल्याकडं वळलाय आणि आपण गेलो की परत त्याच पानावर जाणार आहे. बुद्धी, अधीरता आणि सौजन्य, तिन्ही त्या एका बोटात आहेत. या पाराविसिनोंनी पुढं एल ग्रेकोवर सुनीतं लिहिली. चित्रकार आणि समोर बसलेला माणूस एकमेकांना ओळखून होते, ते चित्रात उतरलंय.

चित्रातला संन्यासी खरा संन्यासीच असतो का?

दरवेळी नाही. रेम्ब्राँटनं १६६० मध्ये तपकिरी झगा घातलेल्या एका तरुण मठवासीयाचं चित्र काढलं, ते अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. तो त्याचा मुलगा टायटस. तो कधीच मठात गेला नव्हता, बापासाठी झगा घालून बसला होता. रेम्ब्राँटचं दिवाळं १६५६ मध्ये निघालेलं. त्यानंतर चार वर्षांनी बाप पोराला संन्याशाच्या कपड्यात बसवून रंगवतोय. पोराची नजर खाली आहे. ती ध्यानाची म्हणायची, की तासन्‌तास बसलेल्या पोराची दमलेली म्हणायची, की बापाची काळजी पोराच्या चेहऱ्यावर पडलीय? मला तिसरं वाटतं, पण हे मी टायटसची गोष्ट कळल्यावर म्हणतोय, हेही ध्यानात ठेवा. म्हणून वर्गात मी चित्राचं नाव आणि साल आधी सांगत नाही. आधी बघायचं, कागदावर लिहायचं, मग नाव वाचायचं. लिहिलेलं खोडायचं नाही. खाली दुसऱ्या रंगाच्या पेनानं नवीन लिहायचं.

पार्श्वभूमीला महत्त्व किती?

कधी काहीच नाही, कधी सगळंच. क्योटोच्या कोझानजी मंदिराशी जोडलेलं म्योए या भिक्षूचं तेराव्या शतकातलं चित्र आहे. झाडांच्या गर्दीत एका पाइनच्या फांद्यांमध्ये ते ध्यानाला बसलेत, मूर्ती एवढीशी, जपमाळ फांदीला टांगलेली, पादत्राणं खाली बुंध्याशी काढून ठेवलेली. चेहरा इतका लहान की भुवया-पापण्यांचं आमचं सगळं शास्त्र तिथं निकामी. तरी स्वभाव कळतो. देवळाच्या पायरीशी चपला काढाव्यात तशा त्यांनी झाडाखाली काढल्यात, त्यावरून.

भगवा म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शुद्धता, असं लिहिलं तर चालेल?

परीक्षेत गुण मिळतील. पण रंग कुठला यापेक्षा त्याच्यावर उजेड कसा पडलाय, कडा धारदार आहेत की विरघळलेल्या, आणि कापडाचा रंग चेहऱ्यावर किती उतरलाय, हे लिहा. भगव्या वस्त्राचा उजेड हनुवटीखाली नारिंगी होऊन चढतो. तो ज्यानं पकडला त्यानं माणूस समोर बसवून रंगवलंय, किंवा समोर बसवून पुष्कळ काम केल्यामुळं त्याला ते माहीत आहे.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचं महाराजांचं तैलचित्र आहे. फोटोवरून काढलेलं. त्यात स्वभाव शोधण्यात अर्थ आहे का?

आहे. कोल्हापुरात फोटोवरून व्यक्तिचित्रं करणाऱ्या चित्रकारांची मोठी परंपरा आहे, आणि त्यांनी नुसता फोटो मोठा केला असं समजणं त्यांच्यावर अन्याय आहे. फोटोत काळ्या सावलीत काहीच नसतं. तिथं चित्रकाराला हाफटोन, म्हणजे उजेड-सावलीमधल्या छटा, मनानं भरावे लागतात, आणि मनानं म्हणजे त्या माणसाबद्दल त्याला जे वाटतं त्यानं. बाबुराव पेंटरांच्या (१८९०–१९५४) गावात सावलीतला रंग कसा जिवंत ठेवायचा हे मुलं नुसतं बघूनबघून शिकली. म्हणून तुमच्या घरच्या चित्रात उजेडातला भाग सोडा, सावलीतला बघा. डोळ्याची खाचण, नाकपुडीखालची जागा, कानामागचा भाग. तिथं नुसता काळा-तपकिरी थापलाय की हिरवट, जांभळट, ऊबदार असं काही खेळवलंय? खेळवलं असेल तर चित्रकारानं महाराजांचा विचार केलाय.

ते चित्र फार काळवंडलंय. पुसलं तर भाव स्पष्ट दिसतील का?

हात लावू नका, हे अगदी मनापासून सांगतोय. माझ्या ओळखीच्या एका घरात गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी असं चित्र ओल्या फडक्यानं पुसलं. धुराची काजळी निघाली, घरचे आनंदले. सकाळी बघतात तर महाराज रागावल्यासारखे दिसायला लागले. मला बोलावलं. ओठांच्या डाव्या कोपऱ्यावर चित्रकारानं शेवटी एक पातळ, पारदर्शक तांबूस थर दिला होता. तेवढाच फडक्याबरोबर गेला होता. हसू त्या थरात होतं. चित्रासमोर उभ्या राहिलेल्या आज्जींच्या तोंडून शब्द फुटेना.

जुनं वार्निश पिवळं पडतं, त्यावर उदबत्तीचा आणि निरांजनाचा धूर बसतो, आणि सगळं चित्र आहे त्यापेक्षा गंभीर वाटायला लागतं. म्हणून काळवंडलेल्या चित्राचा भाव ठरवताना तेवढी सूट द्या. साफसफाईचं काम चित्रसंवर्धन शिकलेल्या माणसाचं आहे. तोवर ओलं फडकं, बटाटा, कांदा, तेल यातलं काही नको. धुरापासून लांब, उन्हाच्या तिरिपीत येणार नाही अशा भिंतीवर ठेवा.

संतपुरुषाच्या चेहऱ्याची अशी चिरफाड करणं म्हणजे अवमान नाही का?

हा प्रश्न मला कधीच वाईट वाटला नाही, कारण विचारणाऱ्याच्या मनात आदर असतो. मी त्यांना इक्क्यू या जपानी झेन भिक्षूचं (१३९४–१४८१) पंधराव्या शतकातलं चित्र दाखवतो. काढलं त्यांच्याच शिष्यानं, बोकुसाई यानं. वाढलेले खुंट, विस्कटलेल्या भुवया, तिरकी नजर, कपाळावर आठी. प्रभावळ नाही, कमळ नाही. शिष्यानं गुरूला जसा बघितला तसा ठेवला, आणि ते खुंटसुद्धा एकेक करून काढलेत. एवढा वेळ कुणाच्या दाढीकडं आपण प्रेमाशिवाय देत नाही. बारकाईनं बघणं ही भक्तीच आहे, असं मी मानतो.

दोघांना दोन वेगळे भाव दिसले तर बरोबर कोण?

चित्रातली जागा ज्याला बोट ठेवून दाखवता येईल तो. ‘मला वाटतं’ म्हणा, जरूर म्हणा, पण पुढं ‘कारण खालची पापणी बघा’ हे आलं पाहिजे. कधी दोघांनाही जागा दाखवता येते. मग चित्र खरोखर दोन्ही सांगतंय, आणि तशी चित्रं मी परत परत वर्गात आणतो.

कोल्हापुरात सराव कुठं करावा?

टाऊन हॉल म्युझियममध्ये गावातल्या जुन्या चित्रकारांचं काम आहे. दुपारी गर्दी कमी असते, एकाच चित्रापुढं अर्धा तास उभे राहा. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या दालनात प्रदर्शनं लागतात, तिथं चित्रकार स्वतः भेटतात, त्यांना विचारायला लाजू नका. मठांमध्ये पूर्वीच्या स्वामींची चित्रं ओळीनं लावलेली असतात. तिथं एकाच वेशातली पाच-सहा माणसं शेजारी शेजारी बघायला मिळतात, याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही. जाताना परवानगी घ्या, चपला बाहेर काढा, फोटोऐवजी लहान वहीत पेन्सिलीनं टिपणं करा. आणि घाटावर कुणी बैरागी बसलेला दिसला, त्यानं हो म्हटलं, तर स्केच झाल्यावर ते त्याला नक्की दाखवा.